नवी पिल्लं, जुनं खुराडं



यंदा सुगीच्या सणाला उधन्याला राहणाऱ्या एका कुटुंबाने मंडळीला बारा तलंगा अर्पण दिल्या. अजून अंड्यावर न आलेल्या, दोन-अडीच महिन्यांच्या कोंबड्या. कुटुंब मूळचं नवापूरकडचं, घरी मावची बोलणारं. घरधनी साडीच्या कारखान्यात कामाला. लिलावात तलंगा विकण्यापेक्षा पाळकसाहेबांच्या घरामागच्या खुराड्यात ठेवाव्यात, अंड्यांच्या पैशातून रविवार शाळेची पुस्तकं घ्यावीत, असं ठरलं. खुराड्यात पाच जुन्या कोंबड्या होत्याच. देखभाल आम्हा चार स्वयंसेवकांकडे आली.

आम्हाला वाटलं, त्यात काय अवघड आहे? दाणे टाकले, पाणी ठेवलं, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी दार सताड उघडलं. बिचाऱ्यांना मोकळं फिरू द्यावं, ही माया. संध्याकाळी पाहतो तो तीन तलंगा शेजाऱ्यांच्या भिंतीवर, दोन स्कूटरखाली, आणि एकीचं डोकं जुन्या कोंबड्यांनी टोचून रक्ताळलेलं. शेवटी त्याच कुटुंबातल्या ताईंना फोन केला. त्या कामावरून परस्पर आल्या, काळोखात एकेक तलंग उचलून आत ठेवली आणि आम्हाला शिकवून गेल्या.

त्यांनी सांगितलेलं असं. नवी कोंबडी जिथे झोपते ते तिचं घर. म्हणून पहिला आठवडाभर ती डाललेलीच ठेवायची, दाणापाणी आतच द्यायचं. खुराड्याच्या मधोमध जाळी लावायची. एकीकडे जुन्या, दुसरीकडे नव्या. एकमेकींना दिसाव्यात, पण टोचता येऊ नये. मग एका रात्री जाळी काढायची. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, ती भांडत नाही, आणि सकाळी सगळ्या एकत्रच जाग्या होतात. दाण्याची भांडी दोन, पाण्याची दोन, आणि तीही लांब लांब, म्हणजे दांडगी कोंबडी एका भांड्यावर बसली तरी दुबळी उपाशी राहत नाही. एकटी तलंग जुन्या कळपात कधी सोडायची नाही, सोबत निदान दोघी-तिघी हव्यात. पहिल्यांदा बाहेर सोडायचं ते दिवस मावळायच्या तासभर आधी, म्हणजे त्या लांब जात नाहीत. दाणे टाकताना रोज एकाच माणसाने, एकाच आवाजात हाक द्यायची. आणि तरीही काही दिवस एखादी बाहेरच कोपऱ्यात बसून राहील. तिच्यावर ओरडायचं नाही. उचलायची, दांडीवर नेऊन बसवायची. रोज.

कोंबड्यांमध्ये कोण कोणाला टोचणार याची एक उतरंड असते. नॉर्वेच्या शेल्डरुप-एबे यांनी शंभर वर्षांपूर्वी ती नोंदवली. नवी कोंबडी आली की ही उतरंड विस्कटते आणि पुन्हा लागेपर्यंत टोचाटोची चालते. यात जुनी कोंबडी दुष्ट नसते, तिला फक्त आपली जागा जाईल असं वाटत असतं.

ताईंच्या सांगण्याप्रमाणे केलं. तीन आठवड्यांत बाराच्या बारा तलंगा संध्याकाळ होताच आपणहून आत जाऊ लागल्या.

आता खरी गोष्ट. मध्यंतरी एक तलंग पेंगुळली, म्हणून ताईंना विचारायला आम्ही रविवारी उपासनेनंतर त्यांना शोधू लागलो. त्या नव्हत्या. एकाने सांगितलं, गेले पाच रविवार ते कुटुंब आलेलंच नाही. पाच रविवार! आणि आम्हाला त्यांची आठवण झाली ती कोंबडी आजारी पडली म्हणून.

मग आम्ही आठवत बसलो. ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना पुढे बोलावलं होतं, गुलाबाचं फूल दिलं होतं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्यानंतर? गीताचा क्रमांक पुकारला जायचा, त्यांच्या हातात पुस्तक नसायचं. उपासना सुटली की आम्ही आपापल्या ओळखीच्या घोळक्यात, आणि ते चपला घालून फाटकाबाहेर. त्या रात्री ताई कोंबड्यांसाठी आल्या, तेव्हा आम्ही त्यांना चहासुद्धा विचारला नव्हता. म्हणजे तलंगांसोबत जी चूक केली तीच माणसांसोबत केली होती. पहिल्या दिवशी दार सताड उघडलं आणि समजलो, झालं स्वागत.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात, ज्याला प्रभूची ओढ आहे तो येईलच, मोठ्या माणसांना हाताला धरून का बसवायचं? आम्हाला हे पटत नाही. रूथचं पुस्तक उघडून पाहा. परक्या मवाब देशातून आलेली रूथ देवाच्या पंखांखाली आश्रयाला आली आहे, असं बवाज म्हणतो (रूथ २:१२). पण तो नुसता आशीर्वाद देऊन थांबत नाही. दुसऱ्या शेतात जाऊ नकोस, माझ्या मोलकरणींबरोबर राहा, तहान लागली तर गड्यांनी भरलेल्या पाण्यातून पी, असं तो तिला सांगतो. गड्यांना ताकीद देतो की तिला कोणी त्रास द्यायचा नाही. जेवायला जवळ बसवतो. सोबत, पाणी, भाकर, संरक्षण, सगळं त्यात आलं. आणि हे एका दिवसाचं नव्हतं. जवाच्या कापणीपासून गव्हाची कापणी संपेपर्यंत, म्हणजे कित्येक आठवडे, रूथ त्याच शेतात वेचत राहिली (२:२३). रूथला ओढ नव्हती का? होती. तरी बवाजने आपलं काम केलं.

एका बाबतीत मात्र कोंबड्यांचा दाखला माणसांना लावू नये. नवा पक्षी आधी काही आठवडे वेगळा ठेवावा, असं जाणकार सांगतात, ते रोगाच्या भीतीने. नवापूरकडच्या माणसांना हे सांगावं लागत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथल्याच पोल्ट्रीत सापडला, तेव्हा सुरत जिल्ह्यात असलेल्या उच्छलपर्यंत पोहोचला, आणि लाखो पक्षी मारावे लागले. २०२१ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. पक्ष्यांना वेगळं ठेवण्याला कारण आहे. पण बोली वेगळी, कपडे साधे, भाड्याची खोली, एवढ्यावरून आपण माणसांना मागच्या बाकावर वर्षानुवर्षं वेगळं ठेवतो, त्याला कोणतं कारण आहे? नवापूरच्या स्टेशनावर अर्धा बाक महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे, त्यावर माणसं खेटून बसतात. आपल्या बाकांवर एवढी सीमा कशाला?

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. नव्या कुटुंबाला फूल देण्याची पद्धत बंद केली तरी चालेल, पण पहिले सहा रविवार एका जुन्या कुटुंबाने त्यांच्या शेजारी बसावं. गीतांचं पुस्तक त्यांच्या हातात द्यावं. दर आठवड्याला एकाच माणसाने फोन करावा, म्हणजे आवाज ओळखीचा होईल. दोन-तीन नवी कुटुंबं असतील तर त्यांची एकमेकांशी गाठ घालून द्यावी. आणि एखादा रविवार कोणी दिसलं नाही, तर त्याच संध्याकाळी जावं, पाच रविवारांनी नव्हे.

आमच्या प्रभूने यरुशलेमेसाठी शोक केला, तेव्हा स्वतःला पिल्लं पंखांखाली गोळा करू पाहणाऱ्या कोंबडीची उपमा दिली (मत्तय २३:३७). कोंबडी पिल्लांची वाट पाहत बसत नाही, ती हाक मारते आणि पंख पसरते.

येत्या रविवारी उपासनेनंतर आम्ही चौघे उधन्याला जाणार आहोत. "का येत नाही?" असं विचारायला नाही. क्षमा मागायला, आणि त्यांच्या घरी चहा घ्यायला. सोबत पहिली अंडी नेणार आहोत, ती त्यांचीच आहेत. ते परत येतील की नाही, ठाऊक नाही. आमच्यासाठी प्रार्थना करा.

हे प्रभू, तू आम्हाला पंखांखाली घेतलंस तेव्हा आम्हीही नवखेच होतो. याचा आम्हाला विसर पडू देऊ नकोस. आमेन.