प्रसंग संपल्यानंतरची वीस मिनिटे

हुबळीच्या कोप्पीकर रोडवर, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दुकानांतून पाऊल ठेवावयास जागा नसताना, गल्ल्यावर बसलेला साठीचा एखादा व्यापारी छातीवर हात ठेवून जागच्या जागी कलंडला, तर भोवती कानडी, मराठी आणि उर्दू अशा तीन भाषांतून एकदमच आरडाओरड सुरू होईल, कोणी पाणी आणील, कोणी फोडलेला कांदा नाकाशी धरील, कोणी १०८ क्रमांक फिरवील; आणि त्या गर्दीतून वाट काढीत तो गृहस्थ इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत पोहोचेल तेव्हा त्याच्यापुढे उभा राहणारा पहिला डॉक्टर बहुधा पंचविशीच्या आतला इंटर्न असेल. या मुलाचे पाठांतर चोख असते. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावी, अ‍ॅड्रिनलिन १ मिलिग्रॅम दर ३ ते ५ मिनिटांनी द्यावे, हे तो झोपेतून उठवले तरी सांगेल. परंतु चार माणसांना कामाला लावून आणि नातेवाइकांना बाजूस सारून हे सर्व घडवून आणणे त्याने कोठे, आणि कोणाच्या देहावर शिकावे, हा प्रश्न आम्ही अध्यापक मंडळींनी आजवर नशिबावर सोपविला आहे.

प्रश्न पुरातन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय या नवव्या अध्यायात शिष्याने छेदनाचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड व काकडी यांवर, भेदनाचा चिखलपाण्याने भरलेल्या कातडी पिशव्यांवर, शिरावेधाचा मेलेल्या जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर, आणि पट्टबंधनाचा मनुष्याकृती पुतळ्यावर करावा असे सांगितले असून, पुष्कळ ग्रंथ ऐकलेला परंतु हात न बसलेला शिष्य प्रत्यक्ष कर्माला अयोग्यच होय, असा निर्वाळा दिला आहे. १९६० साली नॉर्वेतील खेळण्यांचे कारखानदार आस्मुंड लेर्डाल यांनी कृत्रिम श्वास देण्याच्या सरावासाठी बाहुली घडविली आणि पुढे स्टॅनफर्डचे भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी वैमानिकांच्या शिक्षणाची रीत शस्त्रक्रियागृहात आणली, तेव्हा हाताच्या सरावाला निर्णयाच्या आणि समूहाने काम करण्याच्या सरावाची जोड मिळाली.

आपल्याकडे आकस्मिक चिकित्सेला २००९ साली स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली, आणि २०१९ च्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने स्किल लॅब आवश्यक ठरविली. त्यानुसार मंजुऱ्या झाल्या, निविदा निघाल्या, मॅनिकिन आले. आमच्या पाहण्यातील एका महाविद्यालयात त्या मॅनिकिनवरचे प्लास्टिकचे वेष्टन दोन वर्षे तसेच होते आणि खोलीची किल्ली कारकुनाच्या खणात होती. दोष कारकुनाचा नव्हे. किल्ली मागावयास कोणी आलेच नाही. यंत्राच्या खर्चाची तरतूद झाली, परंतु ते यंत्र वापरून शिकवावे कसे, हे शिक्षकाने शिकण्याची तजवीज कोठेच झाली नाही.

वस्तुतः सिम्युलेशनमधला प्रसंग दहा मिनिटांचा असतो. शिक्षण घडते ते त्यानंतरच्या वीस मिनिटांत, खुर्च्या गोल मांडून बसल्यावर, ज्याला डीब्रीफिंग म्हणतात त्या चर्चेत. येथेच आमच्यातले उत्तमोत्तम शिक्षक अडखळतात, कारण राउंडवर सर्वांदेखत खडसावणे हीच शिकवण, अशा परंपरेत आम्ही वाढलो. समजा, इंटर्न ओरडतो, 'सिस्टर, अ‍ॅड्रिनलिन!' खोलीत सिस्टर दोन. प्रत्येकीला वाटते, दुसरी भरते आहे. दोन मिनिटे उलटतात, सिरिंज रिकामीच. जुन्या वळणाचा शिक्षक मागाहून म्हणेल, 'एवढं साधं कळत नाही तुला?' मुलगा मान खाली घालील आणि पुढच्या वेळी चूक लपवील. तयार झालेला शिक्षक म्हणेल, 'तू अ‍ॅड्रिनलिन मागितलंस, पण नाव कोणाचंच घेतलं नाहीस. दोघीही थांबलेल्या दिसल्या आणि डोस राहून जाईल अशी मला काळजी वाटली. त्या क्षणी तुझ्या मनात काय चाललं होतं?' 'सर, मॉनिटरवरची नजर काढली तर काहीतरी सुटेल, अशी भीती वाटत होती.' या एका उत्तरात रोगाचे मूळ सापडते: औषधाचे ज्ञान त्याला पुरेपूर आहे, परंतु सर्व भार त्याने एकट्याने डोक्यावर घेतला आहे. मग मॉनिटर दुसऱ्याच्या हवाली करणे, नाव घेऊन सांगणे, सांगितलेले सिस्टरने मोठ्याने उच्चारणे, हे उपाय त्याला पटतात. असा प्रश्न विचारता येणे हा उपजत गुण नव्हे. त्याचाही सराव हवा, आणि शिक्षक चर्चा चालवीत असता दुसऱ्या शिक्षकाने मागे बसून ती पाहून, तितक्याच आस्थेने त्याच्याशी बोलावयास हवे. दोन दिवसांच्या कार्यशाळेच्या प्रमाणपत्राने हे काम भागते, असे आम्ही मानीत नाही.

दुसरी बाब प्रसंगांच्या रचनेची. परदेशी संग्रहातून उचललेल्या प्रसंगांत धारवाड जिल्ह्यातला फवारणी करून घरी येऊन कोसळलेला शेतकरी नसतो. त्याला दर ५ मिनिटांनी अ‍ॅट्रोपिनची मात्रा दुप्पट करीत फुप्फुसातला स्राव सुकेपर्यंत न्यावे लागते, आणि रात्री दोन वाजता अँप्यूल फोडता फोडता सिस्टरची बोटे कापतात. सर्पदंशाच्या रुग्णाचे रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ती २० मिनिटे न हलविता ठेवण्याची साधी चाचणीही त्यांत नसते. आणि ती २० मिनिटे नातेवाइकांना 'डॉक्टर काहीच करीत नाहीत' असे वाटते, तेव्हा त्यांच्याशी कानडीत वा मराठीत काय बोलावे, हेही शिकवावेच लागते. हे प्रसंग आमचे आम्हीच लिहावयास हवेत, आणि त्यांना महागडा मॅनिकिन लागत नाही. नातेवाईक होऊन ओरडणारा एक वॉर्डबॉय पुरतो.

हुबळीचे वैद्यकीय महाविद्यालय १९५७ चे, बेळगावचे १९६३ चे. मिरज, कोल्हापूर येथेही अनुभवी अध्यापक आहेत. प्रत्येक विभागाने निदान दोन शिक्षक निवडून, ड्यूटीच्या तक्त्यात त्यांचा आठवड्याचा एक अर्धा दिवस या कामासाठी मोकळा ठेवावा, अशी विभागप्रमुखांस आमची आग्रहाची विनंती आहे. वाचकांपाशी मागणे एवढेच की, आपल्या कॅज्युअल्टीतला एक प्रसंग, रुग्णाची ओळख पूर्णपणे वगळून, एका पानात लिहून आमच्याकडे पाठवावा, आणि त्याखाली, चर्चेला बसल्यावर आपण विद्यार्थ्याला विचाराल तो पहिला प्रश्न लिहावा.