घरची पिकअप, घरची दुरुस्ती आणि वॉकी-टॉकी : कायद्याची रेषा कुठे आहे?

टोमॅटो, कोथिंबीर किंवा द्राक्षे भरलेली पिकअप पहाटे चालू झाली नाही, तर नुकसान फक्त गॅरेजच्या बिलाचे नसते. लिलावाची वेळ हुकते, मालाची प्रत उतरते आणि मजुरांचा दिवस वाया जातो. म्हणून अनेक शेतकरी गाडीची बरीच दुरुस्ती घरीच करतात. अलीकडे त्यात आणखी एक भर पडली आहे. तोडणीची टोळी, पिकअप आणि पॅकहाउस यांच्यात बोलणे राहावे म्हणून ऑनलाइन वॉकी-टॉकी मागवले जातात. सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत मोबाइलची रेंज जाते, त्यामुळे ही गरज खरी आहे. मात्र या दोन्ही कामांभोवतीचे नियम गेल्या काही वर्षांत बदलले आहेत. ते माहीत नसतील तर वाचवलेल्या पैशांपेक्षा दंड मोठा होऊ शकतो.

बीएस-६ नंतर गाडी बदलली

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ वाहनेच विकली जातात. डिझेल पिकअपमध्ये त्यामुळे संगणकीय नियंत्रण (ईसीयू), सेन्सर आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा वाढली. जुन्या गाडीत कानाने आणि पान्याने दोष सापडत असे. नव्या गाडीत 'चेक' दिवा लागतो, पण दोष कुठे आहे हे स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाही. तरीही रोज अडणारी बरीचशी कामे आजही घरी होऊ शकतात.

घरी करावीत अशी कामे :

- एअर फिल्टर साफ करणे व बदलणे. धुळीच्या शेतरस्त्यावर पुस्तिकेत दिलेल्या अंतराच्या आधीच तपासावा.
- डिझेल फिल्टरखालील पाणी काढणे. कॅनमधून डिझेल भरत असाल तर हे अधिक महत्त्वाचे.
- बॅटरीची टोके साफ करणे आणि मल्टिमीटरने व्होल्टेज पाहणे. इंजिन बंद असताना साधारण १२.६ आणि चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. चालू असताना आकडा १३ च्या खाली राहिला, तर बॅटरीआधी अल्टरनेटर व त्याचा पट्टा तपासावा.
- कूलंट, ऑइल, ग्रीसिंग, बल्ब, फ्यूज आणि टायरची हवा. रेडिएटरचे झाकण गरम इंजिनवर कधीही उघडू नये.

घरी करू नयेत अशी कामे :

- इंजिन चालू असताना इंजेक्टरचे पाइप सैल करणे. जुन्या इंजिनमध्ये हवा काढण्याची ही पद्धत होती. कॉमन रेल इंजिनमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्या पुढे असतो. ती बारीक धार कातडीत घुसून गंभीर इजा करते.
- ब्रेकची हायड्रॉलिक यंत्रणा, स्टिअरिंग आणि एअरबॅगच्या वायरिंगला हात लावणे.
- बॅटरी न सोडवता हौद्याला किंवा फाळक्याला वेल्डिंग करणे. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावावा. नाहीतर ईसीयू जळण्याचा धोका असतो.

काजळीची गाळणी आणि युरिया

शेतकऱ्याच्या गाडीचा प्रवास छोटा असतो. घर ते शेत आणि शेत ते संकलन केंद्र, पाच-सहा किलोमीटर. बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सर मार्गात काजळी अडवणारी गाळणी (डीपीएफ) असते. ती स्वतः तापून काजळी जाळते, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. छोट्या फेऱ्यांत हे होत नाही आणि गाळणी तुंबते. दिवा लागताच पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग चालवावी. दुर्लक्ष केल्यास इंजिनची ताकद कमी केली जाते आणि गाडी गॅरेजलाच न्यावी लागते. ही सफाई चालू असताना सायलेन्सर फार तापतो. त्या वेळी गाडी पाचट, भुसा किंवा वाळलेल्या गवतावर उभी करू नये.

काही वाहनांत धुरासाठी डीईएफ हा द्रव लागतो. तो ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि क्षारमुक्त पाण्याचा असतो. गोणीतला निंबोळी लेपित युरिया पाण्यात विरघळवून टाकीत घालू नये. यंत्रणा खराब होते आणि अनुदानित खत शेतीबाहेर वापरणे हा खत नियंत्रण आदेशाचा भंगही आहे.

पाटे वाढवणे महागात पडते

जादा माल बसावा म्हणून पाटे वाढवणे, हौदा उंच किंवा लांब करणे हे सर्रास चालते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ नुसार अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जादा भारासाठी कलम १९४ नुसार २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये वेगळे. डीपीएफ काढून टाकणे हादेखील बेकायदा बदलच आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी नेमका याच बदलांवर बोट ठेवते.

दुरुस्तीचा हक्क : कागदावर पुढे, गावात मागे

मग प्रत्येक वेळी अधिकृत सर्व्हिस सेंटरच का? हा प्रश्न देशात आधीच विचारला गेला आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधने खुल्या बाजाराला व स्वतंत्र गॅरेजना मिळू दिली जात नाहीत, हे त्यामागचे कारण होते. त्यानंतर प्रकरण अपिलात गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' ठरवण्यासाठी समिती नेमली. तिने निवडलेल्या क्षेत्रांत शेती अवजारे आणि वाहने दोन्ही आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये या विषयाचे पोर्टलही सुरू झाले. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने शेती यंत्रांसाठी असा कायदाच केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून लागू आहे. आपल्याकडे शेती यंत्रांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. पोर्टलवर माहिती असणे वेगळे आणि तालुक्याच्या मिस्त्रीच्या हातात स्कॅनर व सुटा भाग असणे वेगळे. शेतकऱ्याचा दिवस वाचतो तो दुसऱ्यामुळे.

वॉकी-टॉकी : परवानामुक्त पट्टा अरुंद आहे

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या १३ कंपन्यांना वॉकी-टॉकीबाबत नोटिसा दिल्या. कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, परवाना लागतो का, मंजुरी आहे का, हे न सांगताच संच विकले जात होते. त्याच महिन्यात या विक्रीसाठी मार्गदर्शक सूचनाही आल्या. कारवाई विक्रेत्यांवर असली तरी बेकायदा संच शेवटी ग्राहकाच्याच घरात राहतो.

नियम असा आहे. २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीचे संच परवान्याशिवाय वापरता येतात. मात्र त्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए मंजुरी हवी. स्वस्तात मिळणारे अनेक संच १३६–१७४ आणि ४००–५२० मेगाहर्ट्झवर, पाच वॅटपर्यंत चालतात. हे पट्टे पोलीस व इतर सेवाही वापरतात. असा संच परवान्याशिवाय वापरणे बेकायदा आहे. '४४६ वरच लावून ठेवला आहे' हा बचाव पुरेसा नाही, कारण मंजुरी संचाला असते. हॅम रेडिओचा परवाना काढला तरी तो छंद व प्रयोगासाठी असतो. माल वाहतुकीच्या धंद्यासाठी त्यावर बोलता येत नाही.

परवानामुक्त संच मोकळ्या शिवारात साधारण एक ते तीन किलोमीटर चालतो. उभ्या उसात, डोंगराआड किंवा पिकअपच्या केबिनमध्ये अंतर घटते. बाहेरचा मोठा अँटेना जोडून किंवा शक्ती वाढवून ते अंतर वाढवू नये, कारण मग तो मंजूर संच राहत नाही. बोलताना खाली उतरून थोड्या उंचीवर उभे राहणे हा साधा उपाय आहे. शेत ते बाजार एवढ्या अंतरासाठी हे संच नाहीत, टोळी ते गाडी यासाठी आहेत. त्यासाठी ते पुरेसे ठरतात.

गाडीत बसवताना

- हातातल्या संचाचा चार्जर १२ व्होल्टच्या सॉकेटवर लावावा. वायर कापण्याची गरज पडत नाही.
- परवाना असलेल्या संस्थेचा गाडीत बसवायचा २५ वॅटचा संच बोलताना पाच ते आठ अँपिअर ओढतो. त्याला बॅटरीवरून स्वतंत्र वायर द्यावी आणि १० अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळ बसवावा. फ्यूज संचाजवळ असेल, तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर आग थांबत नाही.
- पत्र्यातून जाणाऱ्या वायरला रबरी बूच लावावे. ईसीयूच्या वायरमधून वीज घेऊ नये.
- चालवताना संच हातात धरू नये. कलम १८४ मध्ये हातात धरायचे संपर्क साधन वापरणे धोकादायक वाहनचालनात मोडते. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. संच शेजारी बसलेल्याकडे द्यावा.

एकट्याने नको, गटाने करा

प्रत्येक शेतकऱ्याने स्कॅनर घेणे परवडत नाही. शेतकरी उत्पादक कंपनीने एक ओबीडी स्कॅनर, एक मल्टिमीटर आणि गावातल्या एका तरुणाचे प्रशिक्षण इतका खर्च केला, तरी हंगामात गाड्या उभ्या राहण्याचे दिवस कमी होतील. लांब पल्ल्याचे रेडिओ खरोखर लागत असतील, तर परवान्याचा अर्जही संस्थेच्या नावाने 'सरल संचार' पोर्टलवर करावा. कृषी सहायकांनी हंगामापूर्व बैठकीत बियाणे-खतांबरोबर हे दोन विषय दहा मिनिटे घ्यावेत.

वॉकी-टॉकी घेताना तीन गोष्टी पाहा : खोक्यावर ४४६.०–४४६.२ मेगाहर्ट्झ लिहिले आहे का, त्या मॉडेलचा ईटीए क्रमांक आहे का आणि पक्के बिल मिळते का. यातली एकही नसेल तर संच घेऊ नये.