दप्तर नवे, शिस्त जुनीच

संगणक नाही अशी कचेरी आज शोधूनही सापडावयाची नाही. ग्रामपंचायत असो, सहकारी पतपेढी असो, शाळेचे कार्यालय असो की एखाद्या मंडळाची दोन खणांची खोली असो, मेजावर संगणक आहे आणि त्यात पत्र लिहिण्याची व हिशेब मांडण्याची साधनेही आहेत. परंतु त्यांचा उपयोग आम्ही करतो तो कसा? टंकलेखन यंत्रासारखा. पूर्वी यंत्रावर कागद चढवून जे करीत होतो तेच आज पडद्यावर करतो, छापून घेतो आणि काम संपले असे मानतो. बेरीज संगणकात असूनही शेजारी गणकयंत्र घेऊन बसणारे लेखनिक आम्ही अनेक पाहिले आहेत. दोष त्यांच्या बुद्धीचा नव्हे, सवयीचा आहे; आणि सवय पालटता येते. ती कशी पालटावी, याचा व्यवहारी विचार आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या विचारासाठी आम्ही सीमेपासून फार दूर, ग्वाल्हेरकडे प्रथम दृष्टी वळवितो. त्याला कारण आहे. दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० साली तेथे स्थिरावला आणि त्या तळाचेच लष्कर नावाचे शहर झाले. नया बाजार हा त्याच लष्करातला. मराठी कुटुंबे त्या नगरीत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. १९६१ साली कुसुमावती देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले ते याच ग्वाल्हेरीस. घरात मराठी आणि कचेरीत, बाजारात हिंदी, हा तेथील मराठी माणसाचा नित्यक्रम आहे. आमच्या वाचकांना हे विस्ताराने सांगावयास नको. हिंदीच्या जागी कन्नड घातली की चित्र आपलेच. दोन भाषांत काम कराव्या लागणाऱ्या माणसाने संगणक कसा राबवावा, हा प्रश्न नया बाजारात आणि बेळगावच्या बाजारात एकच आहे.

पहिली गोष्ट अक्षरांची. हिंदी मुलखातील कचेऱ्यांत ‘कृतिदेव’सारख्या आणि मराठीतही तशाच जुन्या धाटणीच्या टंकांत वर्षानुवर्षे मजकूर लिहिला गेला. या टंकांत डोळ्यांना देवनागरी दिसते, पण संगणकाच्या पोटात साठतात ती इंग्रजी अक्षरेच. ज्या यंत्रात तो टंक नाही तेथे मजकूर उघडला की इंग्रजी अक्षरांचा नुसता खिचडा समोर येतो. शोध घेता येत नाही, नावे अकारविल्हे लावता येत नाहीत. यावर उपाय युनिकोड. १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या या प्रणालीत प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. म्हणून ते कोणत्याही यंत्रात तेच अक्षर राहते. आपला मजकूर कोणत्या जातीचा आहे हे पाहण्याची परीक्षा सोपी आहे. एक परिच्छेद निवडावा आणि त्याचा टंक बदलून एखादा साधा इंग्रजी टंक लावावा. अक्षरे देवनागरीच राहिली तर मजकूर युनिकोडात आहे. इंग्रजी झाली तर तो जुन्या टंकात अडकलेला आहे, असे समजून त्याचे रूपांतर वेळीच करून घ्यावे.

युनिकोडासाठी पैसा मोजावा लागत नाही. विंडोजच्या भाषाविषयक मांडणीत जाऊन मराठी कळफलक जोडावा; मग विंडोजची कळ आणि स्पेसची कळ एकत्र दाबली की भाषा बदलते. कळफलक कोणता निवडावा? आमचे मत इन्स्क्रिप्टच्या बाजूचे आहे. त्यात स्वर बहुतेक डाव्या हाताखाली आणि व्यंजने बहुतेक उजव्या हाताखाली येतात. १९९१ च्या भारतीय मानकात त्याचा समावेश झाला. परंतु त्याचा खरा गुण दुसराच आहे. भारतीय लिप्यांना तो समान आहे. मराठीतील ‘क’ ज्या कळेवर, हिंदीतील ‘क’ त्याच कळेवर आणि कन्नडमधील ‘क’ही त्याच कळेवर! मध्य प्रदेश शासनाच्या सीपीसीटी परीक्षेस बसणारा ग्वाल्हेरचा तरुण हिंदीसाठी इन्स्क्रिप्ट शिकला, तर मराठी त्याला आयतीच मिळते. बेळगाव, निपाणी, खानापूरच्या तरुणाने तो मराठीसाठी शिकला आणि त्याला कन्नड लिपी अवगत असली, तर कन्नड टंकलेखनाचे निम्मे श्रम वाचलेच. एका कष्टात दोन भाषा हाती लागत असतील, तर पोट भरण्यासाठी एक आणि मनासाठी दुसरी असे भांडण उरतेच कोठे?

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत आपले गाऱ्हाणे अधिकाऱ्यापुढे मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येक नागरिकास दिला आहे. तो हक्क बजावण्यासाठी पाठविलेला मराठी अर्ज दुसऱ्या टोकाच्या यंत्रावर वाचताच आला नाही, तर त्या हक्काचे मोल काय? भाषेचा अभिमान मिरवणाऱ्याने आपली भाषा यंत्राला समजेल अशी लिहिण्याचे कष्टही घेतले पाहिजेत.

दुसरी गोष्ट पत्रलेखनाची. मजकूर मध्यभागी यावा म्हणून स्पेसची कळ वीस वेळा दाबणे आणि नवे पान हवे म्हणून एंटरची कळ दाबीत सुटणे, ही टंकलेखन यंत्राची सवय सोडून द्यावी. एक ओळ वाढली की सारी मांडणी कोसळते. नव्या पानासाठी कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबावे. शीर्षकाला हाताने ठळक न करता ‘हेडिंग’ ही शैली लावावी. मग अहवाल शंभर पानांचा असला तरी अनुक्रमणिका यंत्रच काढून देते. सभेची निमंत्रणे दोनशे सभासदांना पाठवावयाची तर दोनशे वेळा नाव टंकू नये. नावांची यादी एकदा करावी, पत्राचा मसुदा एकदा लिहावा आणि ‘मेल मर्ज’ने दोहोंची सांगड घालावी. मसुदा चार जणांनी पाहावयाचा असेल तर ‘ट्रॅक चेंजेस’ चालू ठेवावे. कोणी कोणता शब्द बदलला हे उघड दिसते आणि कार्यकारिणीच्या बैठकीतला निम्मा वाद मिटतो.

तिसरी गोष्ट हिशेबाची. येथे मात्र आम्हाला नवे काही शिकावयाचे नाही, जुने आठवावयाचे आहे. कीर्द आणि खतावणी हा भेद आमच्या कारकुनांना शतकानुशतके ठाऊक होता. कीर्दीत जसजसा व्यवहार घडेल तसतशी नोंद; खतावणीत त्याच नोंदी खात्यावार. संगणकाचा तक्ता नेमकी हीच शिस्त मागतो. एका ओळीत एक व्यवहार. तारीख, नाव, गाव, कारण, रक्कम यांना स्वतंत्र रकाने. मध्ये रिकामी ओळ नाही, घरे जोडलेली नाहीत. ही कीर्द नीट असली तर ‘पिव्हट टेबल’ नावाची सोय क्षणात खतावणी काढून देते: गाववार वर्गणी किती, महिन्यावार खर्च किती. रकमेच्या घरात ‘५०० रुपये’ असे शब्दासह कधीही लिहू नये. यंत्र ते मजकूर समजते आणि बेरजेतून मुकाट्याने वगळते. साधी खूण अशी की, आपण होऊन घराच्या उजव्या कडेला सरकतो तो आकडा, डाव्या कडेला चिकटतो तो मजकूर.

तक्त्याची मर्यादाही ओळखावी. इंग्लंडमध्ये २०२० च्या ऑक्टोबरात १५,८४१ कोरोनाबाधितांच्या नोंदी दैनंदिन आकड्यांतून राहून गेल्याचे उघड झाले, आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. कारण काय? जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाईलमध्ये ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. नव्या पद्धतीत ती १०,४८,५७६ ओळींपर्यंत आहे. एवढ्या प्रगत देशाच्या आरोग्यखात्यास जे भोवले, ते आमच्या पतपेढीस भोवणार नाही असे कोणी समजू नये. ओळींची संख्या आणि बेरजेची रुजुवात, ही जुनी कारकुनी दक्षता यंत्र आले म्हणून संपत नाही.

शेवटी जतनाविषयी. फाईलच्या नावात प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा, म्हणजे क्रम आपोआप लागतो. ‘अंतिम’, ‘नवे अंतिम’, ‘खरेच अंतिम’ अशी नावे देऊ नयेत. बाहेर पाठवावयाचे ते पीडीएफ, दुरुस्त करावयाचे ते मूळ, असा नियम ठेवावा. आणि प्रत्येक महत्त्वाच्या कागदाची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. ज्यांना विकतची साधने परवडत नाहीत त्यांनी लिब्रेऑफिस घ्यावे. ते विनामूल्य आहे आणि वर सांगितलेली बहुतेक कामे त्यातही होतात.

मोडीतील असंख्य कागद आज दप्तरखान्यांत शाबूत आहेत; वाचणारे मात्र थोडेच उरले. कागद टिकला, अक्षर परके झाले. जुन्या टंकांत कोंडलेल्या आमच्या मराठी कागदांची गत वीस वर्षांनी तीच व्हावी काय? २०१४ साली मोडीलाही युनिकोडात स्थान मिळाले; मग रोजच्या देवनागरीची हयगय आम्ही का करावी? आमची सूचना लहानशी आहे. प्रत्येक संस्थेने या आठवड्यात एक फाईल उघडावी, टंक बदलून वर सांगितलेली परीक्षा घ्यावी आणि जेथे अक्षरे इंग्रजी होतील तेथून कामास लागावे. भाषा टिकते ती सभेतील घोषणेइतकीच कचेरीतल्या नोंदीनेही टिकते, हे आम्ही विसरता कामा नये.