तागाच्या शेतातील पतंग

पतंग म्हटला, की दिव्यावर झडप घालून जळून मरणारा जीवच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतो. कवींनी त्याला एवढेच एक काम नेमून दिले आहे! फुललेल्या तागाच्या शेतावर भर उन्हात बागडणारा एक लहानसा पतंग मात्र या कल्पनेत बसत नाही. त्याचे पसरलेले पंख ३-४ सेंटिमीटर भरतात. पुढचे पंख सायीसारखे पांढरे असून त्यांवर काळ्या व तांबड्या ठिपक्यांच्या रांगा असतात. मागच्या शुभ्र पंखांना वेडीवाकडी काळी कड असते. १७५८ साली लिनीअसने त्याला ‘पुल्केला’, म्हणजे ‘चिमुकली सुंदरी’, असे नाव दिले. आफ्रिका, दक्षिण युरोप व भारत हे त्याचे प्रदेश. क्वचित तो इंग्लंडपर्यंतही जाऊन पोहोचतो.

शेतकऱ्याला ओळख असते ती त्याच्या केसाळ अळीची. ही काळसर अळी ताग, खुळखुळा व भुरुंडी यांवर वाढते. प्रथम ती पाने कुरतडते आणि पुढे शेंगा पोखरून कोवळे दाणे फस्त करते. या वनस्पतींतील विषारी द्रव्ये गुरांना बाधतात. अळी मात्र ती अंगात साठवून ठेवते आणि पतंग झाल्यावरही ती शिल्लक उरतात. म्हणूनच त्याला लपण्याची गरज भासत नाही. त्याच्या अमेरिकेतील भाऊबंदांचा अभ्यास टॉमस आइस्नर या शास्त्रज्ञाने केला. तेथे असा पतंग जाळ्यात सापडला, तर कोळी स्वतःच धागे तोडून त्याला मोकळा करतो!

अळी दिसली, की फवारा हाती घ्यावा, ही सवय मात्र विचाराची नव्हे. बियाण्यासाठी राखलेल्या तागाची शेंग पोखरली गेली, तर नुकसान खरे असते; तेथे उपाय करणाऱ्या शेतकऱ्याला कोण दोष देईल? परंतु हिरवळीच्या खताचा ताग दीड-दोन महिन्यांत, फुलोऱ्यावर येताच, जमिनीत गाडला जातो. त्याला शेंगा धरतच नाहीत. थोडी पाने अळीने खाल्ली, तरी तिची विष्ठा त्याच मातीत पडते. अशा पिकावर विष शिंपडणे म्हणजे मातीला वाढलेल्या ताटातच ते कालवणे होय. शिवाय तागाला बी धरते ते भुंग्यांच्या येण्याजाण्याने. तेव्हा बियाण्याच्या शेतातही आधी अळ्या हाताने वेचाव्यात आणि फवारणे अटळच झाले, तर भुंगे परतल्यावर, तिन्हीसांजेला फवारावे.