आखाडातली सहल दिवाळीनंतर नेऊ या

मंडळी, आम्हा इचोड्याच्या पाच जणांची गळाची सहल तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. आखाडाचा शेवटचा रविवार. श्रावणात घरात मासा शिजत नाही, म्हणून त्याआधी एकदा. नेरडीगोंड्याला चहा, कुंटाल्याच्या धबधब्याकडे एक फेरी, आणि मग कडेमच्या जलाशयावर संध्याकाळपर्यंत. बायका म्हणतात मासे कमी, गप्पा जास्त. खोटं नाही ते.

ही सहल आखाडात नको, असं मी आता उघड म्हणतो.

गेल्या वर्षी काठच्या उथळ पाण्यात, गवताजवळ, लालसर ठिपक्यांचा एक थवा वर-खाली होत होता. मी त्याच्या शेजारीच बेडकाचा गळ सोडला. लगेच झडप! चांगली दोन किलोची मरळ. आम्ही नाचलो. पलीकडे जाळं आवरणारे एक म्हातारे मामा तेलुगू-मराठीत एवढंच बोलले, "सार, बाप होता तो. पिल्लं राखत होता." मरळीची तऱ्हाच ती. पावसाळ्यात अंडी घालते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत थव्याजवळून हलत नाही. जवळ येईल त्याच्यावर धावून जाते, म्हणून तर गळाला पटकन लागते. आम्हाला वाटायचं आपला हात बसलाय! अर्ध्या तासाने पाहिलं तर त्या थव्याचा मागमूस नव्हता. त्या दिवशीचा रस्सा मला काही गोड लागला नाही.

मित्र म्हणतात, जाळ्यावाले क्विंटलने काढतात, आपल्या एका माशाने काय होतं? पण त्यांच्या जाळ्यात येतो तो बहुतेक कटला, रोहू, मृगळ. २०१६ पासून सरकार दर वर्षी तलावांत त्याचं बीज फुकट सोडतं. मरळीला मात्र बहुतेक स्वतःच वाढावं लागतं. आणि हाच तेलंगणाचा राज्य मासा, बरं का!

आमच्यातल्या एकाचा मुलगा न्यूझीलंडला असतो. तो पिसं आणि दोरा बांधून केलेली खोटी माशी लावायचा गळ घेऊन आला होता. आम्ही खूप हसलो, त्याला दिवसभरात एकही मासा लागला नाही. पण तो सांगत होता, तिकडे बऱ्याच नद्यांवर ट्राउटच्या विणीच्या महिन्यांत गळ टाकायला बंदीच असते. गळाचा उलटा काटाही तो पक्कडीने चेपून ठेवतो, म्हणजे मासा न फाडता सोडता येतो. हे आपल्याला काय जड आहे?

नवं पाणी, भरलेला कुंटाला, भिजलेले आपण, ही मजा थंडीत नाही, मान्य. मग आखाडात नुसती भजी घेऊन जा की! गळ दिवाळीनंतर काढा, आणि तेव्हाही त्या मामांच्या संघाला आधी विचारून.

या वर्षी आखाडात मी येणार नाही. दिवाळीनंतरच्या रविवारी गाडी माझी, डिझेलही माझं. कोण कोण येतंय, खाली लिहा.