करवत भंगारात घालू नका



माळ्यावरची गंजकी करवत विकण्याआधी नीट पाहा. पाते वाकलेले नसेल, गंजाने खोल खड्डे पडले नसतील, तर ती अजून कामाची आहे. डिझेल लावून गंज घासा. सपाट कानशीने दातांची टोके एका पातळीत आणा. मग एक दात डावीकडे, पुढचा उजवीकडे असे टोकाशी किंचित वाकवा. ओल्या फांदीसाठी जरा जास्त. शेवटी तिधारी कानशीने एकाआड एक दात घासा, करवत फिरवून राहिलेले घासा.

शेतीची पदवी घेतलेले आम्ही हे शिकलो ते सुताराकडून. बोथट करवतीने साल फाटते, झाडाची जखम लवकर भरत नाही, बुरशीला वाट मिळते.

आज अनेक नव्या करवतींचे दात इतके कडक असतात की कानस चालतच नाही. बोथट झाली की फेका, नवी घ्या! जे अवजार आपल्याला दुरुस्त करता येत नाही, ते आपल्याला कायमचे गिऱ्हाईक करते.

पुढच्या बैठकीला जुन्या करवती आणा. गावच्या सुताराला बोलावू, पण फुकट नव्हे. आपण घामाचे दाम मागतो. ते द्यायलाही हवेत.