विवाहाची खोती

सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाच्या अर्जांवर निकाल दिला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यावरील फेरविचाराचे अर्जही फेटाळले. तेव्हापासून आमच्या सुशिक्षित वर्गात, आणि सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात तर विशेषच, ‘एक पीडा टळली’ असा सुटकेचा सुस्कारा ऐकू येतो. ज्यांनी निकाल वाचण्याचे कष्ट घेतले नाहीत, त्यांनाच हा सुस्कारा परवडतो. विवाह हा घटनादत्त मूलभूत हक्क नव्हे आणि नवा विवाहकायदा करणे संसदेचे काम आहे, एवढे पाचही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले. दोन पुरुषांनी किंवा दोन स्त्रियांनी जोडीने राहणे पाप आहे, असे त्यांतील एकानेही म्हटलेले नाही. दत्तकाच्या मुद्द्यावर तर पीठ तीन विरुद्ध दोन असे दुभंगले, आणि अल्पमतात खुद्द सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड होते. तेव्हा प्रश्न मिटलेला नाही; तो न्यायालयाच्या दारातून उचलून लोकमताच्या दारात आणून ठेवलेला आहे. लोकमत म्हणजे शेवटी आपणच. म्हणून या बाबतीत आपण जे बोलतो ते विचाराने बोलतो की सवयीने, हे तपासून पाहणे अवश्य आहे.

पहिला आक्षेप असा की, हे खूळ विलायतेहून आले. आक्षेपकांस इतिहासाचे विस्मरण झालेले दिसते. विलायतेहून आले ते हे प्रेम नव्हे, तर त्यास गुन्हा ठरविणारा कायदा होय. मेकॉलेच्या मसुद्यावरून १८६० साली जी दंडसंहिता झाली, तिचे ३७७ वे कलम हे खास इंग्रजी देणे. ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरते निष्प्रभ झाले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर त्याचा मागमूसही नाही. इकडे इंग्लंडात १९६७ सालीच कायदा सैल झाला आणि २०१४ पासून असे विवाह तेथे रीतसर लागतात. ज्याने दिले त्याने टाकून दिले. आम्ही मात्र त्याचे जुने सोवळे आपली सनातन संस्कृती समजून कवटाळून बसलो आहोत!

मराठी वाचकास हा विषय नवा तरी कोठे आहे? रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि त्या शंकांत समलिंगी वृत्तीविषयीच्याही शंका होत्या. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. पण नव्वद वर्षांपूर्वी मुंबईच्या कोर्टात ज्या विषयावर शास्त्राच्या आधाराने सभ्यपणे बोलता आले, त्यावर आज आमची मजल कुजबुज आणि टवाळी यांपलीकडे जाऊ नये, हे शिक्षणाचे लक्षण खचित नव्हे.

दुसरा आक्षेप, विवाह प्रजोत्पादनासाठी असतो. असे असते तर उतारवयात परस्परांस सोबत म्हणून लग्न करणाऱ्या विधुर-विधवांस नोंदणी कचेरीतून परत पाठवावे लागले असते. कायदा कोणासही ‘मूल होईल काय?’ असे विचारीत नाही. तो विवाहितांस वारसा देतो, निवृत्तिवेतन देतो, आणि मरणोत्तर देहावर हक्क देतो. यांपैकी एकाही गोष्टीचा पाळण्याशी संबंध नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थखात्याने अशा जोडीदारांस संयुक्त बँकखाते काढण्यास आडकाठी नाही, असा खुलासा केला. नवराबायकोने एकमेकांस दिलेल्या भेटीवर प्राप्तिकर नाही, मग आम्हांलाच का, असे विचारीत २०२५ साली एका जोडप्यास मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. बँकेच्या पुस्तकात जे नाते चालते ते कराच्या पुस्तकात चालत नाही, असा हा व्यवहार आहे.

तिसरा आक्षेप मुलांविषयीचा. तो कळकळीने घेतला जातो, म्हणून त्याचा विचारही कळकळीने केला पाहिजे. मुलाला आई आणि बाप दोन्ही हवेत. दोन आयांच्या किंवा दोन बापांच्या घरात त्याचे धड होणार नाही, असे म्हणणे आहे. या म्हणण्याला कोकणाइतके सडेतोड उत्तर कोणत्या प्रांताने दिले असेल? मालवण, कणकवली, देवगड, वेंगुर्ले या भागांतील कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि कचेऱ्यांत राहिले. मनीऑर्डर महिन्याला येई; बाप गणपतीला किंवा शिमग्याला येई. घरी राहिल्या त्या सासू आणि सून, नाहीतर जावा-जावा. दोघींनी मिळून भात लावले, मुले वाढविली आणि ती शाळेत घातली. त्या घरांतून निघालेली माणसे आज मोठमोठ्या हुद्द्यांवर बसून ‘बापावाचून मूल वाया जाते’ असे सांगतात, तेव्हा हसावे की रडावे हे कळत नाही. सासू-सुनेचे नाते निराळे, असे कोणी म्हणेल. निराळे खरेच, पण मुलाला लागते ती माया, शिस्त, वेळेवर पेज आणि आजारात उशाशी जागणारे माणूस. त्या माणसांचे आपसांतले नाते कोणते, हा मोठ्यांचा प्रश्न आहे, मुलाचा नव्हे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या प्रमुख संघटनेनेही २०१३ साली उपलब्ध संशोधन पाहून अशाच अर्थाचा निर्वाळा दिला आहे.

आता आमचा कायदा पाहा. मुंबई इलाख्यात विधवेला नवऱ्याच्या स्पष्ट परवानगीवाचूनही दत्तक घेता येई. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने अविवाहित स्त्रीलाही आणि पुरुषालाही दत्तकाची मुभा दिली. म्हणजे एका आईचे मूल धर्मास चालले आणि कायद्यासही चालले. अडचण येते ती दुसरी आई उभी राहिली की! २०२२ च्या दत्तक नियमांप्रमाणे जोडप्यास मूल हवे असेल तर किमान दोन वर्षांचा स्थिर वैवाहिक संबंध लागतो. परिणाम असा की, दोघींपैकी एकीने एकटीच्या नावावर मूल घ्यायचे. दुसरीने त्याला दहा वर्षे अंगाखांद्यावर खेळवायचे, त्याची फी भरायची, त्याच्या तापात रात्री काढायच्या. आणि पहिली अकस्मात गेली तर कायद्याच्या लेखी शेजारीण म्हणून बाजूला व्हायचे. येथे रक्षण कोणाचे झाले? मुलाचे तर नव्हेच. ज्या दिवशी त्याची एक आई देवाने नेली, त्याच दिवशी दुसरी कायद्याने नेली. मुलांच्या हिताचा कळवळा बाळगणाऱ्यांनी या मुलाच्या तोंडाकडे पाहून आपला आक्षेप पुन्हा एकदा बोलून दाखवावा.

चौथा आक्षेप, समाज अद्याप तयार नाही. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. पुढे सदतीस वर्षांनी, १८९३ साली, धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी विवाह केला तेव्हाही आमच्याच कोकणपट्टीतील मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकले. समाजाच्या तयारीची वाट पाहिली असती तर तो कायदा अजूनही व्हायचाच असता. समाज कधीच आधी तयार नसतो; अन्याय उघडा पडला, म्हणजे तो हळूहळू आणि कुरकुरत तयार होतो.

या वादात खरी अनीती कोठे असेल तर ती निराळ्याच ठिकाणी आहे. मुलाची वृत्ती ठाऊक असूनही ‘लग्न झाले की येईल ताळ्यावर’ म्हणून त्याला परक्या मुलीच्या गळ्यात बांधणारे आईबाप आमच्या समाजात थोडे नाहीत. मुलीचा बाप कर्ज काढून, प्रसंगी आंब्याची कलमे गहाण टाकून लग्न लावून देतो. वर्षा-दोन वर्षांनी पाळणा हलला नाही की बोल ऐकायचा तो तिनेच. मुलगा जन्मभर चोरासारखा वागतो आणि मुलगी जन्मभर आपल्यात काय उणे आहे ते शोधीत बसते. एका खोट्या लग्नात दोन जन्म मातीला मिळतात आणि गाव तृप्त होऊन जेवून जाते. याला आम्ही संस्कृती म्हणतो, आणि दोन माणसांनी खरे बोलून घर मांडले तर त्याला विकृती म्हणतो!

आमची मागणी मोठी नाही. कोणत्याही धर्माच्या विधीस हात न लावता, संसदेने १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात या जोडप्यांस जागा द्यावी आणि दत्तकाचे नियम त्यास अनुसरून बदलावेत. त्याने कोणत्याही भटजीवर सक्ती होत नाही आणि कोणाच्याही मंगळसूत्राचा मणी कमी होत नाही.

कोकणात एके काळी जमीन कसणारा एक आणि तिच्यावर हक्क सांगणारा खोत दुसरा, अशी रीत होती. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले आणि १९४९ च्या कायद्याने ती गेली. वहिवाट पूर्वापार आहे, हेच खोतांचेही म्हणणे होते. आज विवाहाची खोती आम्ही बहुसंख्य चालवीत आहोत. संसार ती माणसे करीतच आहेत. कागद तेवढा आम्ही अडवून धरला आहे. कसणाऱ्याच्या नावाने कागद करून देणे, यात उपकार कोणते?